चार बोटं आणि एक वीत

वाचकांचे प्रश्न : बागेतली खेळणी, झाडं आणि आपली मुलं

संपादकांनी पत्रांचा गठ्ठा पाठवला, सोबत चिठ्ठी : ‘कायद्याचं कमी, नटबोल्टाचं जास्त लिहा.’ माझ्या पथ्यावरच पडलं. महापालिकेच्या उद्यान विभागात मी ३१ वर्षं काढली. पहिली ९ वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून, उरलेली खेळण्यांच्या देखभालीवर पर्यवेक्षक म्हणून. कुठली महापालिका ते विचारू नका, पेन्शन अजून तिथूनच येते.

प्रश्न : आमच्या जवळच्या बागेचं नूतनीकरण झालं. पूर्वी घसरगुंडीखाली वाळू होती. ती काढून आता लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवलेत. कपडे मळत नाहीत म्हणून सून खूश आहे. नातू पाच वर्षांचा आहे आणि मला मात्र रोज धडकी भरते. मी उगाच काळजी करते का? – एक आजी

आजी, उगाच नाही. तुम्ही नेमकं तेच पाहिलंत जे फीत कापणाऱ्यांपैकी कुणी पाहिलं नाही. बागेत गेलं की सगळ्यांचे डोळे खेळण्यांवर जातात, खालच्या जमिनीकडे कुणी बघत नाही. मूल जिन्यावरून निसटणार, कधी ना कधी हात सुटणार, हे धरूनच चालायचं असतं. ते कशावर पडतं यावर पुढचं सगळं ठरतं. पाच वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, त्यामुळे पडताना बरेचदा तेच आधी टेकतं.

असाच वाद आमच्याकडे झाला होता. वाळू नको, मांजरं घाण करतात, साफ कोण करणार, ब्लॉक टाका. साहेबांपुढे माझी फिटरची अक्कल चालेना. उद्घाटनासाठी आणलेल्या नारळांपैकी दोन शिल्लक होते. मी एक घेऊन घसरगुंडीच्या वरच्या कठड्यापाशी चढलो आणि ब्लॉकवर सोडून दिला. तो वाढला, पाणी साहेबांच्या बुटावर. दुसरा वाळूवर सोडला, तो नुसता धप्प करून रुतला. त्या बागेत वाळू राहिली. बाकीच्या चार बागांत ब्लॉक गेलेच, कारण तोवर ऑर्डर निघाली होती.

आता वाळू म्हणजे किती, ते सांगतो. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाची खेळाच्या मैदानांवर एक पुस्तिका आहे, पहिली आवृत्ती १९८१ ची. त्यांच्या तक्त्यात नऊ इंच सैल वाळू चार फुटांवरून पडणाऱ्याला पुरते आणि तेवढाच लाकूड-सालीचा भरड चुरा सात फुटांपर्यंत चालतो. युरोपच्या ईएन ११७६ या मानकात तीन मीटरच्या वरून पडण्याची सोयच ठेवायची नाही असं आहे, आणि वाळूच्या ठरलेल्या थरावर आणखी १० सेंटिमीटर टाकायला सांगितलंय. का? तर मुलं पायाने उकरतात. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी खड्डा पडतो, म्हणजे जिथे लागणार तिथेच वाळू नसते. म्हणून रोज सकाळी दाताळं फिरवायचं. वाळू सारखी होते आणि काच, खिळा, मांजराची घाण वर येते. एका माणसाचं वीस मिनिटांचं काम आहे.

रबरी फरशा बसवायचं कुणी म्हणालं तर ठेकेदाराला एकच विचारा : किती उंचीवरून पडण्यासाठी ही तपासली आहे? त्याचा कागद असतो. काँक्रीटवर चिकटवलेली दोन सेंटिमीटरची फरशी म्हणजे नुसता रंग. आणि ‘आमच्याकडे मातीच आहे, मऊ असते’ असं म्हणणाऱ्यांनी काळ्या मातीवर एप्रिलमध्ये टाच मारून बघावी.

तोवर नातवाला त्या घसरगुंडीवर नेऊच नका असं मी म्हणणार नाही, तो ऐकणारही नाही. जिन्याच्या बाजूला उभ्या राहा, खालच्या टोकाशी नको. खाली येताना मूल बसलेलं असतं, पडतं ते चढताना आणि वरच्या गर्दीत.

प्रश्न : आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलीचं डोकं बागेतल्या किल्ल्याच्या कठड्यात अडकलं. पाय आधी गेले, मग धड, आणि डोकं अडकून ती लोंबकळली. शेजारच्या काकांनी उचलून धरली म्हणून वाचली. एवढ्या फटीतून अंग जातं आणि डोकं जात नाही, हे आम्हाला माहीतच नव्हतं. – एक बाबा

दादा, हे बहुतेकांना माहीत नसतं. आपला समज असा की डोकं गेलं तर अंग जातं. तो मांजराच्या बाबतीत खरा. लहान मुलाचं उलट असतं.

यासाठी जगभर एक माप धरतात : नऊ सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि तेवीसपेक्षा लहान फट नको. नऊच्या आत असेल तर धडच जात नाही. तेवीसच्या पुढे असेल तर डोकंही बाहेर येतं. मधल्या मापाची फट हा सापळा. मी माझ्या लोकांना टेप घेऊन फिरायला सांगायचो, ते टेप विसरायचे. मग हातावरचं माप दिलं. चार बोटं जुळवून आडवी धरली की नऊच्या आसपास येतात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत वीस-बावीस भरते. आपापला हात एकदा पट्टीवर मोजून ठेवायचा. चार बोटांहून मोठी, वितीहून लहान, अशी फट दिसली की खडूने फुली. पहिल्याच आठवड्यात एका बागेत सतरा फुल्या आल्या. त्यातली एकही खेळणं मोडल्यामुळे नव्हती. सगळी तशीच बनवून आली होती. कठड्याच्या उभ्या गजांमध्ये, जिन्याच्या पायऱ्यांमध्ये, आणि कोपऱ्यात दोन पाइप टोकदार जुळतात तिथे बघा. त्या टोकदार कोपऱ्यात मान वरून अडकते.

असं पुन्हा कुणाचं झालं तर डोकं ओढू नका. आधी अंग खालून उचलून धरा, म्हणजे मानेवर भार येणार नाही. मग ज्या वाटेने मूल गेलं त्याच वाटेने उलटं काढा. येत नसेल तर धरून ठेवा आणि १०१ ला फोन करा. अग्निशमनवाल्यांकडे गज फाकवायची हत्यारं असतात.

गळ्यातलं सगळं काढूनच मुलाला खेळण्यावर सोडा. ओढणी, जॅकेटच्या टोपीची दोरी, शाळेच्या ओळखपत्राची फीत, ताईताचा काळा दोरासुद्धा. घसरगुंडीच्या माथ्यावर पत्रा आणि कठडा जुळतो तिथल्या फटीत दोरीची गाठ अडकते आणि मूल खाली सरकत राहतं. ताईताबद्दल लिहिलं की मला दरवेळी रागाची पत्रं येतात. येऊ देत. आणि स्केटिंगच्या क्लासवरून आलेली मुलं हेल्मेटसकट जंगल जिमवर चढतात, ते हेल्मेटही उतरवा. अंग फटीतून जातं, हेल्मेट जात नाही.

प्रश्न : विदर्भातल्या उन्हात स्टीलच्या घसरगुंडीचं काय करावं?

तळहाताची उलटी बाजू लावा. पाच सेकंद ठेववत नसेल तर मूल बसवू नका. नवी बसवत असतील तर तोंड उत्तरेकडे मागा, किंवा झाडाच्या सावलीत मागा. फायबरची सोसेल इतपत तापते, पण उन्हाने तिचा वरचा थर पांढरा भुसभुशीत होतो आणि मांडीत काचेचे तंतू घुसतात. हात फिरवून पांढरी पूड लागली की ती बदलायला झाली.

प्रश्न : आम्ही चिंचेवर चढलो, विहिरीत उड्या मारल्या. आता गोल फिरणारा पाळणा काढला, उंच झोपाळा काढला. उरलंय काय, प्लास्टिकचा हत्ती. तुमच्यासारख्या सुरक्षावाल्यांनीच मुलांचं बालपण घालवलं असं मी म्हणतो. – एक निवृत्त शिक्षक

गुरुजी, अर्धं मान्य. उंच झोपाळा काढणाऱ्यांवर माझाही राग आहे. दुरुस्त करायचा कंटाळा आला की ‘धोकादायक’ म्हणून काढून टाकतात.

पण तालमीत चला. मल्लखांबावर दहा वर्षांचं पोर माणसाच्या डोक्याच्या वर उलटं लटकतं, तेही एरंडेल चोपडलेल्या लाकडावर. तो बंद करा असं कुणी म्हणत नाही, मीही नाही. तिथे उंची पोराला दिसते, पकड सुटली तर काय होईल हे त्याला कळतं, खाली गादी असते आणि खांब हलतो का हे वस्ताद रोज बघतो. चिंचेची फांदी करकरली की तुम्हीही उतरत होतात. झोपाळ्याच्या वरच्या पिनेची झीज मात्र झोका घेणाऱ्या पोराला कशी कळणार? माझं सगळं भांडण त्या पिनेशी आहे, उंचीशी नाही.

ही पिन मला महागात पडलेली आहे. एका वर्षी पावसाळ्याआधीची तपासणी मी जमिनीवरून केली. शिडी दुसऱ्या बागेत होती. रंग नवा, साखळी चकचकीत, रजिस्टरमध्ये ‘सुस्थितीत’ लिहून सही केली. तीन आठवड्यांनी एका बाजूची पिन झिजून तुटली आणि झोक्यावरच्या मुलीचा हात कोपरातून मोडला. चौकशी झाली, मला काही झालं नाही. रंगारी नुकताच येऊन गेला होता, सगळं नवं दिसत होतं, हे सगळ्यांना पटलं. मला नाही पटलं. त्यानंतर शिडीशिवाय मी एकही सही केली नाही. माझ्या हाताखालची पोरं मला ‘शिडीसाहेब’ म्हणायची, मागून.

तेव्हा झोपाळ्याचं काय बघायचं ते ऐका. कुरकुर वाजतो म्हणजे वरचा बुश कोरडा पडलाय, लोखंड लोखंडाला खातंय. साखळीची सगळ्यात वरची कडी बघा, झीज तिथे होते. नव्या कडीच्या पाऊण जाडीची उरली असेल तर साखळी बदलायची, एक कडी नाही. ‘एस’ आकाराच्या आकड्याचं तोंड मिटलेलं हवं, त्यात नखही जाऊ नये. बसायला लोखंडी किंवा लाकडी पाट नको, तो रिकामा झुलतानाही दुसऱ्या पोराची हनुवटी फोडतो. रबरी पट्टा हवा. एका चौकटीत दोनच झोपाळे. तीन लावले की मधल्यावर जाणारं पोर दोन चालत्या झोक्यांमधून जातं. वरचा दांडा आठ फुटांवर असेल तर पुढे सोळा आणि मागे सोळा फूट मोकळे हवेत, तिथे बाक नको, वाट नको, भेळवालाही नको.

आणि खांब. खांब कायम जमिनीच्या रेषेपाशी सडतो, कारण पाणी तिथे थांबतं. वरून रंग मारत गेलं की आतला गंज झाकला जातो. किल्लीने किंवा दगडाने ठोकून बघा. ठणठण वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत काही उरलेलं नाही.

सी-सॉला बसायच्या जागेखाली जुना टायर अर्धा पुरा, मणक्याला हिसका बसत नाही. गोल पाळणा ठेवा हो, जरूर ठेवा. फक्त त्याची फळी आणि जमीन यांच्या मध्ये पाय जाईल अशी जागा नको.

प्रश्न : ओपन जिमवर लहान मुलं खेळतात, बोटं चेमटतात. उपाय?

ती यंत्रं मोठ्यांच्या मापाची आहेत. सांध्यांत झाकण नसतं आणि पोराचं बोट बरोबर तिथेच जातं. पाटी लावून उपयोग नाही, पाटी न वाचता येणारेच तिथे खेळतात. जिम खेळण्यांपासून लांब हवी, मध्ये निदान मेंदीचं कुंपण. आमच्याकडे आजोबांना नातवावर नजर ठेवून व्यायाम करता यावा म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी बसवली. कल्पना चांगली होती, बोटं गेली.

प्रश्न : आमच्या फिरायच्या बागेत बाकांवर एक जुना पर्जन्यवृक्ष वाकलेला आहे. पावसाळा तोंडावर आलाय. तोडायला परवानगी लागते म्हणे. मिळेपर्यंत कुणाच्या डोक्यात पडला तर? – फिरायला येणारे सात जण

सातही जणांनी आधी बाक हलवायला सांगा. हसू नका, सर्वांत स्वस्त आणि त्याच दिवशी होणारा उपाय तोच आहे. झाड पडणारच असेल तर खाली माणूस नको.

परवानगी लागते. महाराष्ट्रात १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा आहे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड ‘वारसा वृक्ष’ धरलं जातं. पण झाड वाकलेलं आहे म्हणून तोडा असा अर्ज करू नका. वाकलेली झाडं वाकलेलीच शंभर वर्षं उभी राहतात. नेमकं काय दिसतं ते लिहा : बुंध्याशी अळंबीसारख्या टोप्या आल्यात का, दोन मोठ्या फांद्या फुटतात तिथे चीर आहे का, झाड कललंय त्याच्या उलट्या बाजूची माती उचललीय का, एखाद्या फांदीला भर पावसाळ्यातही पालवी नाही का. मातीची भेग नवी असेल तर ‘तातडीचे’ असं वर लाल शाईने लिहा आणि हाती नेऊन द्या. बहुतेक वेळा वाळलेल्या फांद्या काढून आणि शेंड्याचा भार हलका करून भागतं. एकाच बाजूच्या सगळ्या फांद्या तोडू देऊ नका. तारांसाठी असंच करतात आणि मग तोल जाऊन अख्खं झाड दुसरीकडे कलंडतं.

बुंध्याभोवती गळ्यापर्यंत काँक्रीट भरलेलं असेल तर तेही फोडून मागा. मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळत नाहीत.

महापालिका ‘हा तर निसर्गाचा कोप’ म्हणून हात झटकू लागली तर एक निकाल माहीत असू द्या. दिल्लीत १९६४ साली स्कूटरवरून जाणाऱ्या एका गृहस्थांवर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडली आणि ते गेले. त्यांच्या घरच्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९९ मध्ये न्यायालयाने महापालिकेलाच जबाबदार धरलं. ‘दिल्ली महापालिका विरुद्ध सुशीला देवी’ या नावाने तो सापडतो. पस्तीस वर्षं लागली, हेही त्यातच वाचा आणि म्हणून बाक आजच हलवा.

प्रश्न : पावसात बागेतल्या दिव्याच्या खांबाला हात लागला की झिणझिण्या येतात. माळी म्हणतो, थोडंसंच येतं.

थोडंसं कोरड्या चपलेला. अनवाणी, ओल्या पोराला ते थोडंसं राहत नाही. त्या क्षणी खांबाला न शिवता, लांबून भोवती दोरी लावून वाट अडवा आणि वीज बंद करायला लावा, अर्ज नंतर. खांबाच्या खालच्या खिडकीचं झाकण गेलेलं असतं, आतल्या जोडाला नुसती टेप असते. त्या लाइनला ३० मिलिअँपिअरवर उडणारा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच) आहे का आणि खांबाला अर्थिंग आहे का, एवढं लेखी विचारा. कारंज्याच्या मोटरचंही तेच. कुणी चिकटलाच तर हात लावू नका, आधी स्विच.

प्रश्न : तक्रार करून करून थकले. ‘बघतो’ म्हणतात. आता काय करू? – एक आई

ताई, ‘बघतो’ हे उत्तर तोंडी तक्रारीला मिळतं. तुम्ही ‘बाग धोकादायक आहे’ असं लिहिलंत तर मीही खुर्चीत असताना ती फाइल खाली सरकवली असती. काय करायचं हेच कळत नाही ना. असं लिहा : ‘पूर्वेच्या फाटकाजवळच्या झोपाळ्यांपैकी डावीकडचा, उजव्या साखळीची वरची कडी अर्धी झिजली आहे, फोटो जोडला आहे, दिनांक अमुक.’ दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आता ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं कुणाला म्हणता येत नाही, आणि हे वाक्य गेलं की कार्यालयात खुर्च्या सरकू लागतात.

आठवड्याभरात हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत ३० दिवस. तीनच गोष्टी मागा : गेल्या १२ महिन्यांत या खेळण्यांची तपासणी कोणी व कोणत्या तारखांना केली त्या रजिस्टरच्या प्रती, खेळणी पुरवणाऱ्या ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो, आणि यंदा देखभालीची तरतूद किती. दुसरा मुद्दा सोन्याचा आहे. त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराने फुकट करायची असते आणि बहुतेकदा ती कुणी मागतच नाही. निधीतून खेळणं येतं, नावाची पाटी खेळण्याहून मोठी येते, पण ग्रीसचा डबा कुठल्या हेडखाली घ्यायचा यावर आमच्याकडे दोन-दोन महिने पत्रव्यवहार चालायचा.

आणि खेळणं दुरुस्त होईपर्यंत वापरता येणार नाही असं करायला लावा. ‘बंद आहे’ अशी पाटी नको, झोपाळा काढून खोलीत ठेवा म्हणावं. घसरगुंडीचा जिना काढता येतो. पोरांना दोरी ओलांडता येते, नसलेल्या जिन्यावर चढता येत नाही.

प्रश्न : तुम्ही अजून स्वतः बागेतले नट आवळता का?

नाही. मी आवळला आणि उद्या तो सुटला तर दुरुस्ती झाली असं समजून कुणी परत बघणार नाही. शिवाय बायकोने पाने भंगारवाल्याला दिले. मी फक्त खडू ठेवतो खिशात. गेल्या आठवड्यात घराजवळच्या बागेत झोपाळ्याचा खांब बद्द वाजला, म्हणून बुडाशी पांढरा गोल काढला, फोटो घेतला आणि अर्ज लिहायला बाकावर बसलो. मान वर केली तर खडू गायब. पोरांनी त्या गोलाला धरून पुढे ठिकरीचे चौकोन आखले होते आणि वॉचमन त्यांना ओरडत होता, बाग घाण करता म्हणून. खांबाकडे त्याचं लक्ष नव्हतं. मी त्याला हाताला धरून नेलं आणि म्हटलं, ठोकून बघ.